न आलेल्या टोळीने तोडलेला ऊस : एका साखर कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोणता ऊस कधी तोडायचा, हे कोडे साखर कारखान्याच्या शेतकी विभागापुढे दरवर्षी नव्याने येते. हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी कारखान्याचे आहे. दिवसाला ५,००० टन गाळप, १४ गट (कारखान्याच्या क्षेत्राचे विभाग), नोंदणीला आलेले १८,४०० प्लॉट. सरासरी प्लॉट ४१ टनांचा धरला तर ऊस साडेसात लाख टन होतो आणि हंगाम जेमतेम १५० दिवसांचा. कारखान्याचे नाव आणि माणसांच्या खुणा काढल्या आहेत, आकडे थोडे गोल केले आहेत.

सगळा ऊस एका वयाचा नसतो. जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू, शिवाय खोडवा. जातींचीही तऱ्हा वेगळी. को ८६०३२ चा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, भरवशाचा. फुले २६५ टनेजला दांडगी, पण उशिरा पक्व होणारी. ती घाईने तोडली की चीफ केमिस्टचा चेहरा बघण्यासारखा होतो. थंडी पडली की उसात साखर भरते, जानेवारी-फेब्रुवारीत उतारा वर जातो आणि मार्चच्या उन्हात घसरतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्लॉटला त्याच सहा-आठ आठवड्यांत तुटायचे असते आणि गव्हाणीत, म्हणजे ऊस मिलमध्ये नेणाऱ्या पट्ट्यावर, रोज ५,००० टनच जातात. बाकी सगळी गुंतागुंत यातूनच सुरू होते.

त्यावर टोळ्या. दहा कोयत्यांची, म्हणजे तोडणाऱ्या दहा जोड्यांची, एक टोळी दिवसाला सोळा-सतरा टन तोडते, रस्ता आणि दांडी धरून आठवड्याला ११० टन. या कारखान्याकडे ट्रक-ट्रॅक्टरच्या २७० टोळ्या होत्या, बैलगाड्या वेगळ्या. टोळ्या दसरा-दिवाळीनंतर येतात, सगळ्या एकदम येत नाहीत आणि काही उचल घेऊन येतच नाहीत. एकदा गटात उतरलेली टोळी हलवायची म्हणजे कोप्या (राहायच्या झोपड्या) मोडून पुन्हा घालायच्या, आणि मुकादम त्याची किंमत लावतो.

शेवटचे आणि सगळ्यात नाजूक बंधन क्रमपाळीचे. ज्याची लागण (उसाची लावणी) आधी, त्याची तोड आधी. शेतकऱ्याला उताऱ्याचा आलेख दाखवा नाहीतर काही दाखवा, बांधाला बांध लागून असलेल्या भावकीतल्या माणसाची महिनाभर मागची लागण आधी तुटली तर तो गट ऑफिसला येऊन टेबलावर हात आपटणारच. त्यात त्याची चूकही नाही.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे असे निर्णय गणिताने घ्यायचे शास्त्र, शिकवतो. कारखान्याच्या एमडींचा (कार्यकारी संचालकांचा) निरोप आला तेव्हा मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन गेलो. पहिली आवृत्ती आम्ही तिघांनी केली, त्यामुळे खालच्या चुका आमच्याच.

अडचण

पहिला विचार कुठलाही विद्यार्थी करेल तसाच केला. प्रत्येक प्लॉट, प्रत्येक दिवस, एक हो-नाही चल, म्हणजे शून्य किंवा एक होणारी राशी. १८,४०० गुणिले १५४ दिवस म्हणजे २८ लाख ३३ हजार ६०० चल. लॅपटॉपने मॉडेल वाचतानाच मान टाकली. मग दिवसांचे २२ आठवडे केले. टोळ्यांसाठी मात्र तोच हिशेब ठेवला : अमुक टोळी, अमुक गटात, अमुक आठवड्यात, आहे की नाही. २७० गुणिले १४ गुणिले २२, म्हणजे ८३,१६० हो-नाही चल.

टोळी गटात असेल तरच तिने तिथला ऊस तोडावा, हे गणिताला सांगायची रूढ पद्धत अशी : तोडलेले टन एका मोठ्या आकड्याच्या आणि त्या हो-नाही चलाच्या गुणाकारापेक्षा जास्त नसावेत. चल शून्य असेल तर टनही शून्य. एक असेल तर मोठा आकडा वाट मोकळी सोडतो. हा आकडा किती मोठा घ्यायचा? विद्यार्थ्याने दहा लाख टन घेतला. त्याचे म्हणणे, पूर्ण हंगामाच्या उसापेक्षा जास्त आहे, कधी आडवा येणार नाही. मी मान डोलावली.

रात्रभर मशीन चालले. सकाळी सापडलेल्या उत्तरातली साखर आणि गाठता येणारी साखरेची कमाल सीमा यांच्यात ११ टक्के अंतर होते. ते मागच्या चार तासांत हललेच नव्हते. तरी कार्यक्रम तर निघाला होता. छापला आणि शेतकी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला.

शेतकी अधिकारी बत्तीस हंगाम पाहिलेले गृहस्थ. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तिसरे पान काढले, बोट ठेवले.

"सर, ही एकशे सत्त्याऐंशी नंबरची टोळी. ही या आठवड्याला गट तीनला दावलीय न्हवं?"

"हो."

"मग गट सातात हिच्या नावावर नऊ टन चार क्विंटल ऊस तुटलाय. त्यो कुणी तोडला?"

मी लॅपटॉप उघडला. गट सातमधला त्या टोळीचा हो-नाही चल पडद्यावर शून्य दिसत होता. पूर्ण दशांश उघडल्यावर ०.०००००९४. सॉल्व्हरच्या, म्हणजे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, दृष्टीने हा शून्यच. पूर्णांकापासून ०.००००१ इतका फरक तो माफ करतो, कारण दशांश अपूर्णांकांची गणिते करणाऱ्या मशीनला तेवढी सवड द्यावीच लागते. पण आमचा मोठा आकडा होता दहा लाख. ०.०००००९४ गुणिले दहा लाख, बरोबर ९.४ टन. टोळी हलवण्याचा खर्च टाळायचा आणि ऊसही तोडायचा, अशी फट सॉल्व्हरला सापडली होती आणि त्याने ती एकूण १,१०० ठिकाणी वापरली होती. त्याने नियम मोडला नव्हता. आम्हीच नियम तसा लिहिला होता.

सॉल्व्हर गणित सुरू करण्याआधी मॉडेलची झाडझूड करतो, तेव्हा असे फुगवलेले आकडे बऱ्याचदा आपोआप खाली येतात. ती झाडझूड आम्ही बंद ठेवली होती. आधीच्या आठवड्यात मॉडेलला उत्तरच नाही असा शेरा येत होता, तो कशामुळे ते शोधायला बंद केली, अडणारी ओळ तात्पुरती काढली आणि झाडझूड पुन्हा चालू करायचे राहून गेले. ही अडणारी ओळ पुढे परत येते.

तोललेले पर्याय

इथे आम्ही थांबलो. सरळ उपाय होता तो, मोठा आकडा ११० टन करायचा, कारण टोळी आठवड्याला त्याहून जास्त तोडूच शकत नाही. तो केलाही. भुताटकीचा ऊस गेला, पण अंतर ११ चे ८ टक्के झाले आणि तिथेच रुतले. कारण दुसरे होते : २७० टोळ्या एकमेकींची नक्कल होत्या. टोळी ४० गट पाचला आणि टोळी ४१ गट सहाला, किंवा उलटे. मशीनला हे दोन वेगळे पर्याय वाटतात आणि ते दोन्ही तपासते. अशा अदलाबदलींची संख्या कल्पनेपलीकडची असते. सॉल्व्हरची पर्यायांच्या फांद्या तोडत जाणारी पद्धत या जंगलात कितीही दिवस फिरेल.

एक पर्याय होता गणित सोडून देऊन नियमांवर जायचे. लागणीच्या तारखेने यादी लावा, ब्रिक्स (रसातल्या गोडीचे माप) कमी आला तर एक आठवडा मागे ढकला, टोळी संपली की थांबा. शेतकी विभाग तेच करत होता आणि वाईट करत नव्हता. पण एमडींना जो प्रश्न पडला होता, म्हणजे टोळ्या कोणत्या गटात कमी पडतात आणि त्याने किती साखर जाते, त्याचे उत्तर नियमांच्या यादीतून निघत नाही.

दुसरा पर्याय मला मनापासून आवडत होता, म्हणूनच धोक्याचा होता. चौदा गट एकमेकांशी कशाने बांधलेले आहेत? आठवड्याच्या गाळप क्षमतेने आणि टोळ्यांच्या एकूण संख्येने. ही बंधने काढून त्यांच्या जागी भाव लावायचा : या आठवड्यात गव्हाणीतली टनभर जागा इतक्या किलो साखरेला. मग प्रत्येक गट आपापले छोटे गणित सोडवतो, मागणी जास्त झाली तर भाव वाढवायचा, कमी झाली तर उतरवायचा. बाजार समितीच्या सौद्यासारखे. मोठ्या गणितांचे तुकडे पाडायची ही लाग्रांजची जुनी युक्ती आहे आणि कागदावर फार देखणी आहे. प्रत्यक्षात भाव हेलकावे खात राहतात. शिवाय भाव स्थिरावले तरी गटांची उत्तरे एकत्र केल्यावर क्षमतेत बसतीलच असे नाही, वेगळी डागडुजी करावी लागते. प्रबंध लिहायचा असता तर मी हेच निवडले असते. कारखान्याला शनिवारी संध्याकाळी यादी हवी होती.

तिसरा पर्याय : प्लॉटसाठी हो-नाही सोडून द्यायचे आणि अपूर्णांक चालू द्यायचे. ४१ टनांचा प्लॉट एका आठवड्यात २५ आणि पुढच्या आठवड्यात १६ टन तुटला तर आकाश कोसळत नाही. मोठ्या प्लॉटची तोड तशीही लांबते. मग उरते सरळ रेषीय गणित (लिनिअर प्रोग्रॅमिंग). ते सोडवायच्या दोन घराण्यांपैकी एक सिम्प्लेक्स, जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडलेले. ते बंधनांनी बनलेल्या बहुफलकाच्या एका कोपऱ्यावरून शेजारच्या कोपऱ्यावर, दर वेळी उतरणीला न लागता, चालत जाते. दुसरे घराणे पोटातून जाते, कडेला न चिकटता. या अंतर्बिंदू पद्धतींना खरा जोर आला तो १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांच्या शोधनिबंधाने. आयआयटी मुंबईतून शिकलेले करमरकर तेव्हा अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होते. वर्गात हे नाव सांगितले की मागच्या बाकावरचा मुलगाही मान वर करतो.

घेतलेले निर्णय

पहिला निर्णय टोळ्यांच्या नंबरांना रजा देण्याचा. कोणती टोळी ते मुकादम आणि गटप्रमुख ठरवतील. गणिताने फक्त किती टोळ्या ते ठरवायचे. ८३,१६० हो-नाही चलांच्या जागी १४ गुणिले २२, म्हणजे ३०८ पूर्णांक आले. मोठ्या आकड्याची गरजच उरली नाही : गटात त्या आठवड्यात तुटणारे टन, टोळ्यांची संख्या गुणिले ११० पेक्षा जास्त नकोत. बस्स. नकलांचे जंगल एका ओळीत साफ झाले. हे आधी का सुचले नाही, याचे उत्तर असे की कारखान्याच्या रजिस्टरला टोळ्यांना नंबर आहेत आणि आम्ही रजिस्टर जसेच्या तसे मॉडेलमध्ये उतरवले.

दुसरा निर्णय आमचा नव्हता. क्रमपाळी गणितात कशी आणायची यावर आम्ही दंड लावायचा विचार करत होतो : पाळी चुकवली की इतके गुण वजा. शेतकी अधिकारी म्हणाले, "सर, तीन आठवडे मागंपुढं झालं तर लोक ऐकून घेत्यात. चौथ्या आठवड्याला ऐकत न्हाईत." त्याचाच नियम केला. लागणीच्या तारखेवरून प्रत्येक प्लॉटचा पाळीचा आठवडा काढला, त्याच्या अलीकडचे तीन, पलीकडचे तीन आणि तो स्वतः, अशी सात आठवड्यांची खिडकी. बाहेरचे चल मॉडेलमध्ये जन्मालाच घातले नाहीत. २२ आठवड्यांचे चार लाखांवर चल होते, ते १,२८,८०० झाले. आमच्या सगळ्या अल्गोरिदमच्या चर्चेपेक्षा या एका वाक्याने गणित जास्त हलके झाले. न्याय आणि वेग एकाच बंधनातून मिळण्याचा योग क्वचित येतो. संचालक मंडळापुढे ही खिडकी लेखी ठेवली आणि मंजूर करून घेतली. ते केले नसते तर पुढे निभाव लागला नसता.

मग रेषीय गणित अंतर्बिंदू पद्धतीने सोडवले. दोन मिनिटांच्या आत उत्तर. आम्ही खूश. मंगळवारी एका गटाचा चिटबॉय, म्हणजे उसाची नोंद ठेवणारा कर्मचारी, तोडीच्या स्लिपा घेऊन आला. एकाच प्लॉटच्या, ३४ टनांच्या, तीन स्लिपा : एका आठवड्याची ११.२ टन, पुढची १२.१, तिसरी १०.७. "सर, टोळी तीनदा रानात घालायची व्हय? मालक पाणी कधी सोडणार आन् खोडव्याची पाचट कधी कुजवणार?" मोजले तर ६,००० हून अधिक प्लॉट असे फाटले होते.

हा या प्रकरणातला मला सगळ्यात शिकवून गेलेला वळणबिंदू, म्हणून जरा थांबतो. विद्यार्थ्यांचा निष्कर्ष : अपूर्णांक चालू देणे चुकले, पुन्हा हो-नाहीकडे जाऊ. तो निष्कर्ष चुकीचा होता. एकाच पंधरवड्यात लागलेले, एकाच जातीचे, एकाच गटातले शेकडो प्लॉट गणिताला सारखेच दिसतात. त्यांच्यातला कोणता आधी तोडला याने साखरेत फरक पडत नाही. म्हणजे सर्वोत्तम उत्तर एक नसून समान उत्तरांचे एक मोठे पठार आहे. अंतर्बिंदू पद्धत पोटातून येते, त्यामुळे ती या पठाराच्या मधोमध येऊन थांबते. मधोमध म्हणजे सगळ्यांना थोडे-थोडे वाटून. साखर तेवढीच, पण प्रत्येक प्लॉट फाटलेला.

पठाराच्या कोपऱ्यावर गेले तर? तिथे एक साधी मोजणी कामाला येते. टोळ्यांची संख्या ठरल्यावर उरलेल्या गणितात १८,४०० ओळी प्लॉटच्या आहेत (प्रत्येक प्लॉट पूर्ण तुटावा) आणि सगळ्यांना बांधणाऱ्या ओळी फक्त ३३० : गाळपाच्या २२ आणि गट-आठवड्याच्या टोळ्यांच्या ३०८. कोपऱ्यावरच्या उत्तरात शून्य नसलेले चल ओळींच्या संख्येपेक्षा जास्त नसतात. प्रत्येक प्लॉटला निदान एक लागतोच. मग जादा उरले ३३०. म्हणून फाटणारे प्लॉट ३३० च्या वर जाऊच शकत नाहीत, नोंदणीत १८,४०० असोत की एक लाख.

अंतर्बिंदूच्या उत्तरावरून कोपऱ्यावर सरकण्याची सोय सॉल्व्हरमध्ये असते. क्रॉसओव्हर म्हणतात तिला. वेळ वाचवायला आम्ही ती बंद केली होती. चालू केल्यावर तीन मिनिटे जास्त लागली आणि फाटलेले प्लॉट २१४ वर आले. ती २१४ ची यादी गटप्रमुखांनी अर्ध्या तासात हाताने मिटवली.

टोळ्यांचे ३०८ पूर्णांक आधी, थोड्या ठोकळ मॉडेलवर, वीस मिनिटांत अर्ध्या टक्क्याच्या अंतरापर्यंत सोडवले आणि तिथेच थांबलो. एकरी टनेजचा नोंदणीचा अंदाज पंधरा टक्क्यांनी चुकतो हे माहीत असताना त्या अर्ध्या टक्क्यामागे रात्र जाळण्यात अर्थ नव्हता.

उत्तर नाही, तेव्हा

आता ती अडणारी ओळ. चीफ इंजिनिअरांची अट होती की गाळप सुरू झाले की रोज निदान ७० टक्के क्षमतेचा ऊस गव्हाणीत पडला पाहिजे. नोकेन झाले, म्हणजे उसाअभावी मिल थांबली, की वाफ वाया, बगॅस (उसाचे चिपाड) वाया, पुन्हा चालू करण्याची कटकट. ही ओळ घातली की सॉल्व्हर म्हणायचा, उत्तर अस्तित्वात नाही. दोन दिवस आम्ही टायपिंगच्या चुका शोधल्या. शेवटी परस्परविरोधी ओळींचा सगळ्यात छोटा संच काढून घेतला. निघाल्या पंधरा ओळी : पहिल्या आठवड्याची किमान गाळपाची एक आणि त्याच आठवड्याच्या चौदा गटांच्या टोळ्यांच्या चौदा. दिवाळी संपते न संपते तोच पहिला आठवडा होता. टोळ्याच आल्या नव्हत्या.

शेतकी अधिकारी हसले. "एवढं तर मी तोंडीच सांगितलं असतं."

उपाय : ओळ काढून न टाकता लवचीक करायची. कमी पडलेल्या प्रत्येक टनाला दंड. विद्यार्थ्यांनी दंड शंभर कोटी लिहिला, म्हणजे सॉल्व्हर चुकूनही तिकडे जाणार नाही. दहा लाखांच्या गोष्टीतून आम्ही काहीच शिकलो नव्हतो. एका टनातून साखर निघते शंभर-सव्वाशे किलो. त्या आकड्यांच्या शेजारी शंभर कोटी ठेवले की मशीनच्या पंधरा-सोळा अंकांच्या अचूकतेतले निम्मे अंक दंड सांभाळण्यातच खर्ची पडतात आणि उताऱ्यातला पाव टक्क्याचा फरक तळाच्या गाळात जातो. दंड टनाला २०० किलो साखर एवढाच ठेवला. मोह टाळायला तेवढा पुरे. पहिल्या आठवड्यात किती टन कमी पडणार तो आकडा मग आपोआप छापून आला, आणि गाळप सुरू करायची तारीख चार दिवस पुढे ढकलायची की नाही या वादात तो आकडा कामी आला. ती तारीख ढकलली गेली.

हंगाम चालू असताना

कार्यक्रम दर शनिवारी नव्याने निघायचा. इथे आम्ही एक नियम भिंतीवर लावला. मिल बंद पडली, पाऊस झाला, टोळी पळाली, तर फक्त मर्यादा बदलतात; मागच्या आठवड्याचा कोपरा भावांच्या बाजूने अजून बरोबर असतो, म्हणून तिथूनच ड्युअल सिम्प्लेक्स, म्हणजे अशा कोपऱ्यावरून पुढे जाणारा सिम्प्लेक्सचा प्रकार, चालवायचे. जानेवारीत मिलचा एक रोलर गेला आणि तीन दिवस गाळप निम्म्यावर आले, तेव्हा नवा कार्यक्रम काही सेकंदांत निघाला. केमिस्टकडून नवे ब्रिक्स आले तर उद्दिष्ट बदलते, जुना कोपरा मर्यादांत बसतो, पण उत्तम राहत नाही. तेव्हा प्रायमल, म्हणजे मूळ सिम्प्लेक्स. टनेजचे अंदाजच सुधारून आले तर दोन्ही जातात, आणि मग पहिल्यापासून अंतर्बिंदू. ही पद्धत मोठ्या कोऱ्या गणितात वेगवान असली तरी जुन्या उत्तराचा फायदा तिला नीट घेता येत नाही, कारण जुने उत्तर कडेला चिकटलेले असते आणि तिला सुरुवात पोटातून लागते.

जळीत उसाला मात्र कुठलेही घराणे नको. रान पेटल्याचा फोन आला की तो प्लॉट त्या आठवड्याला खिळवायचा आणि बाकीचे सरकू द्यायचे.

काय निष्पन्न झाले

साखर किती वाढली, हे मी सांगणार नाही. त्या वर्षी थंडी चांगली पडली होती आणि शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्यांचाही उतारा चढलेला होता. आमच्या गणिताने किती आणि थंडीने किती, हे वेगळे काढण्याइतकी माहिती नव्हती.

दिसले ते असे. खिडकीबाहेर तुटलेले प्लॉट तक्रार-रजिस्टरमध्ये मोजण्याइतके राहिले. आणि एमडींच्या प्रश्नाला उत्तर मिळाले. रेषीय गणित प्रत्येक बंधनाची छायाकिंमत फुकटात देते : हे बंधन एका टनाने सैल केले तर साखर किती वाढेल. सगळ्यांची समजूत होती की अडते ते मिलपाशी, क्षमता वाढवली पाहिजे. फेब्रुवारीच्या आठवड्यांत गाळपाची छायाकिंमत टनाला ३ किलो होती. गट नऊच्या टोळ्यांची ११ किलो. आणि गट दोनच्या टोळ्यांची शून्य. म्हणजे गट दोनमधली एक टोळी एक आठवडा गट नऊला नेली तर ११० गुणिले ११, बारा क्विंटल साखर. सहा टोळ्या हलवल्या. मुकादमांनी कोपी मोडायचे पैसे मागितले. ते किती द्यायला परवडते हे या वेळी कारखान्याला आधी माहीत होते.

वेगळे काय करता आले असते

सुरुवात टनेजच्या अंदाजापासून करायला हवी होती. आम्ही दशांशाच्या आठव्या स्थानावर भांडत होतो आणि चिटबॉय एकर बघून टन लिहीत होता. शे-दोनशे प्लॉट नीट मोजून गटवार दुरुस्ती काढली असती तर बाकी सगळ्यापेक्षा जास्त फायदा झाला असता. क्षमताही पूर्ण भरायला नको होती. सॉल्व्हर प्रत्येक मर्यादा शेवटच्या टनापर्यंत भरतो आणि मग एक टायर फुटला तरी आठवडा विस्कटतो. पाच टक्के मोकळीक ठेवायचे मला फेब्रुवारीत सुचले.

गट ऑफिसला २२ आठवड्यांचा कार्यक्रम लावणे हीसुद्धा चूक होती. गणितासाठी पुढचे पाच महिने लागतात, शेतकऱ्याला पुढचे दोन आठवडे. एप्रिलचा आकडा दर शनिवारी बदलताना दिसला की लोकांचा या आठवड्याच्या आकड्यावरचाही विश्वास जातो.

एक गोष्ट मात्र पुन्हा तशीच करीन. हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात वरून ६१ प्लॉटची यादी आली, हे आधी घ्या म्हणून. कुणाचे ते विचारायचे नसते. विद्यार्थी चिडले, यादी टाकून देऊ म्हणाले. आम्ही ती वेगळ्या फाइलमध्ये घातली आणि गणित दोनदा चालवले, यादीसकट आणि यादीशिवाय. प्रत्येक प्लॉटपुढे एक आकडा आला : गट अकरा, ५२ टन, पाळीच्या पाच आठवडे आधी, त्याच्यामुळे मागे सरकलेल्या उसासकट नुकसान ४१५ किलो साखर. असे एकसष्ट आकडे, खाली बेरीज. नावे नाहीत, शेरा नाही. कागद एमडींच्या हातात दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला, चौघडी केली आणि खिशात ठेवला. पुढच्या शनिवारी यादी आली तेव्हा तिच्यात ३८ प्लॉट होते.